आठवड्याला किती किलोमीटर धावायचं?
पहिल्याच महिन्यात 50 किलोमीटरचा आकडा डोक्यात घेऊ नकोस. सध्या अंग न कुरकुरता किती धावतोस ते बघ. समज, आठवड्याला 18. मग तीनेक आठवडे 18च ठेव आणि नंतर दीड-दोन किलोमीटर वाढव. एका वेळी दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नको, हा नियम सगळे सांगतात. तो ढोबळच आहे, पण बेफाम वाढीला लगाम घालतो. दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी धाव.

घोळ असा होतो की दम लवकर सुधारतो, पण हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) जुळवून घ्यायला महिने लावतात. छाती म्हणते अजून पाच, नडगी म्हणते बास. ऐकायचं नडगीचं. एका जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, चालतानाही, तर धावणं बंद; डॉक्टर गाठ.

वेग गप्पा मारता येतील इतकाच. आपल्या नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर काकालोक पुढे गेले तर जाऊ देत! पांडवलेणीच्या पायऱ्या चढलास तर त्या दिवशी धावणं कमी कर. चढ ॲपवर फारसा दिसत नाही, पोटऱ्यांना कळतो. रविवारची सोमेश्वरकडची लांब धाव आठवड्याच्या एकतृतीयांशाच्या आसपास असू दे.

हाफ मॅरेथॉनचे 21.1 किलोमीटर नीट पुरे करायला हौशी माणसाला आठवड्याला 30-40 साधारण पुरतात. अंबडला रात्रपाळी लागली की मात्र त्या आठवड्यात निम्मंच धाव आणि झोप काढ.