"घरी आणते हो, पण मी एकटीने कसं करू?"

महिन्यातून चारपाचदा तरी हा प्रश्न येतोच. आजार बरा होणार नसतो, डॉक्टरांनी आता घरी न्या सांगितलेलं असतं, पेशंटलाही घरीच यायचं असतं, आणि घरातली एक बाई, बहुतेक वेळा सूनच, माझ्यासमोर बसून हे विचारते.

मागच्या वर्षीच्या एक ताई अशाच (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). सासऱ्यांना कॅन्सर, नवरा शिफ्टला. पहिल्या दोनतीन भेटी रडण्यातच गेल्या, मी रडू दिलं. मग एकदा विचारलं, "या आठवड्यात भेटायला कोण कोण आलं?"

"चौदा जण. चौदा वेळा चहा टाकला मी."

"जाताना काय म्हणाले?"

"काही लागलं तर सांगा."

"मग काय सांगितलंत?"

ताई गप्प. बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "ते खरंच विचारत असतील असं वाटलंच नाही मला."

इथेच गाठ सुटली. मी केरळातल्या कोझिकोडला पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बरा न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करून त्याला सांभाळण्याचं, ट्रेनिंग घेतलंय. तिथे १९९३ मध्ये मेडिकल कॉलेजात याचं छोटं क्लिनिक सुरू झालं, पण काम गावोगाव पसरलं ते शेजारी, दुकानदार, कॉलेजची मुलं आठवड्यातले दोनेक तास द्यायला लागली तेव्हा. ड्रेसिंग, कॅथेटर (लघवीची नळी) नर्स बघते, बाकी सोबत बसणं, औषध आणणं, घरात तांदूळ आहेत का बघणं हे सगळं गावाचं. २००८ मध्ये केरळ सरकारने या कामासाठी धोरण केलं, पंचायती त्यात आल्या. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की घरातलं मरण एका माणसावर टाकायचंच नसतं.

ताईंनी शंभर पानी वही केली. दुखणं कमी करणारी मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी, ती ताईच देणार. दुपारी दोन ते चार समोरच्या काकू, कूस बदलायला वरच्या मजल्यावरचा मुलगा, ओठांना ओला कापूस लावायला नणंद. तुम्हीही असंच करा, कुणी "काही लागलं तर" म्हणालं की तिथल्या तिथे वार आणि वेळ सांगा. रात्री फोन उचलणारा डॉक्टर कोण आणि मृत्यूचा दाखला कोण देणार, हे आधीच विचारून ठेवा, त्यात अशुभ काही नाही.

आजोबा पहाटे गेले. वहीप्रमाणे त्या रात्रीची पाळीही काकूंचीच होती, ताई आतल्या खोलीत कितीतरी दिवसांनी सलग झोपल्या होत्या. त्याचं त्यांना फार लागलं, पुढच्या दोन भेटी आम्ही तेवढंच बोललो.