चौकातल्या विमानाला दिवे लावताना

भाऊ, चौथऱ्यावरचं मिग-२१ उजळायचं काम पहिल्यांदाच हाती आलंय ना? मग कॅटलॉग बाजूला ठेवा. अंधार पडल्यावर दोन साधे दिवे नि एक मदतनीस घेऊन विमानाभोवती फिरा. दिवा कुठे धरला की त्रिकोणी पंखाची धार उठून दिसते, ते तिथेच कळेल.

पहिली चूक जवळपास सगळेच करतात: चार कोपऱ्यांत चार फ्लडलाइट. समोरून झगझगाट पडला की विमान पुठ्ठ्याचं दिसतं. उजेड खालून, बाजूने, तिरका टाका. एक बाजू थोडी अंधारात राहिली तरी चालेल. चकचकीत पत्र्यावर तर दिव्याचंच प्रतिबिंब दिसतं, तिथे मंद आणि पसरट दिवा बरा.

बाकी एवढं सांभाळा:

- गाडीवाल्यांच्या डोळ्यांत उजेड नको.
- दिव्याची फिटिंग किमान आयपी ६५ ची, म्हणजे आत धूळ न जाणारी नि पाण्याचा फवारा झेलणारी. मराठवाड्यातली उन्हाळ्याची धूळ पावसापेक्षा चिवट.
- अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा) आधी. गेलेली वीज परत येताना माझे एका रात्रीत एलईडी दिव्यांना वीज पुरवणारे सहा ड्रायव्हर उडाले.
- विमानाला भोक पाडायचं नाही. एकही नाही.

पंखांच्या टोकांना दिवे देणार असाल तर डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. पण डावं-उजवं वैमानिकाच्या जागेवरून धरायचं. मी समोर उभं राहून ठरवलं होतं. हवाई दलातून निवृत्त झालेले एक काका संध्याकाळी फिरायला आले नि बघून पोट धरून हसले.

रंग बदलणारे दिवे, डिमर वगैरे नंतर बघू. सध्या ३००० केल्विनचा पिवळसर पांढरा उजेड घ्या.