फिटची गोळी चालू आहे आणि बाळाचा विचार करतोय, गोळी बंद करावी का?

तुम्ही लिहिलंय की बायकोला कॉलेजपासून फिटचा त्रास आहे, व्हॅलप्रोएट ५०० सकाळ-संध्याकाळ चालू आहे, तीन वर्षांत एकही फिट नाही, आणि आता बाळ हवंय तर आई म्हणतायत आधी त्या गोळ्या बंद करा. मी मेडिकल चालवते, डॉक्टर नाही, पण ही गोळी माझ्या काउंटरवरून नेहमी जाते आणि हा प्रश्न लोक दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही असं बघूनच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आईंचं अर्धं बरोबर आहे. फिटच्या नेहमीच्या गोळ्यांमध्ये गर्भाला सगळ्यात जास्त त्रासदायक म्हणून हीच ओळखली जाते. एरवी १०० बाळांमागे २-३ बाळांमध्ये जन्मतः मोठं व्यंग निघतं, आई व्हॅलप्रोएटवर असेल तर साधारण १०. आणि जे सोनोग्राफीत दिसतच नाही ते वेगळंच, १०० पैकी ३० ते ४० मुलांना पुढे उशिरा बोलणं, उशिरा चालणं, शिकण्यात अडचण असं काही ना काही होऊ शकतं. डोस जितका जास्त तितका धोका जास्त.

पण म्हणून उद्यापासून गोळी बंद, असं अजिबात करू नका. ही गोळी एकदम सोडली की फिट परत येऊ शकते आणि कधी कधी अशी येते की एक संपायच्या आत दुसरी, मग थेट आयसीयू. दिवस गेलेले असताना असं झालं तर पडणं-आपटणं आहेच शिवाय बाळाचा ऑक्सिजन कमी होतो, म्हणजे ज्याच्यासाठी गोळी सोडली त्यालाच धोका.

मधला रस्ता म्हणजे गोळी बदलणं, आणि ते दिवस राहायच्या आधी. कारण बाळाच्या पाठीच्या कण्याची आणि मेंदूची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते, आणि तुम्ही पाळी चुकली म्हणून किट आणून दोन रेघा बघेपर्यंत त्यातले निम्मे दिवस तरी गेलेले असतात! न्यूरोलॉजिस्ट (मेंदूचे डॉक्टर) बहुतेक लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटामचा विचार करतात, गरोदरपणात या दोन्ही बऱ्याच सुरक्षित मानल्या जातात. मात्र लॅमोट्रिजिन व्हॅलप्रोएटसोबत असली की रक्तात तिचं प्रमाण दुपटीच्या आसपास जातं, म्हणून अगदी कमी डोसपासून हळूहळू वाढवावी लागते, आठवडे जातात, कधी महिने. घाई केली तर अंगावर भयंकर रॅश येऊ शकतो. नवी गोळी सुरू झाल्यावर पुरळ, ताप, तोंडात फोड असं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, ॲलर्जीची गोळी मागायला मेडिकलमध्ये यायचं नाही (येतात लोक).

बदल पूर्ण होईपर्यंत दिवस राहू द्यायचे नाहीत. त्यासाठी कंडोम किंवा कॉपर-टी बरी, कारण गर्भनिरोधक गोळ्यांमधल्या इस्ट्रोजेनमुळे लॅमोट्रिजिनचं प्रमाण खाली येतं आणि फिट येऊ शकते. फॉलिक ॲसिड आत्ताच विचारून सुरू करा, एरवी ०.४ मिलिग्रॅम पुरतं पण फिटच्या गोळ्या घेणाऱ्यांना आपल्याकडे डॉक्टर सहसा ५ मिलिग्रॅम लिहितात. ते घेतलं म्हणजे व्हॅलप्रोएटचा धोका गेला असं मात्र नाही.

काही जणींची फिट व्हॅलप्रोएटशिवाय कशानेच आटोक्यात राहत नाही, मग डॉक्टर डोस कमीत कमी ठेवून पुढे जायचं का ते तुमच्याशी बोलून ठरवतात. आणि हे वाचता वाचता कळलं की दिवस गेलेलेच आहेत, तरी गोळी सोडू नका, त्याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना गाठा.

पुढचंही थोडं सांगून ठेवते. गरोदरपणात शरीर लॅमोट्रिजिन भराभर बाहेर टाकतं, त्यामुळे डोस वाढवावा लागतो आणि बाळंतपणानंतर लगेच कमी करावा लागतो, हे स्वतःच्या मनाने नाही. उलट्या होत असतील आणि गोळी घेतल्या घेतल्या उलटीत पडली तर काय करायचं ते आधीच विचारून ठेवा. बाळ झाल्यावर जागरणाने फिट यायची शक्यता वाढते, तेव्हा रात्री एखादं दूध पाजायचं काम तुम्ही घ्या, आणि बाळाला पायावर घेऊन अंघोळ घालताना तिच्यासोबत कुणीतरी असूच द्या. अंगावरचं दूध बहुतेक गोळ्यांवर चालतं.

आईंना एवढंच सांगा की एपिलेप्सी (म्हणजे हाच फिटचा आजार) असलेल्या बहुतेक बायकांची बाळं धडधाकट जन्मतात. केरळात तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये १९९८ पासून अशा गरोदर बायकांची नोंदच ठेवतात, आपल्याच देशातल्या बायका आहेत त्या. आणि गोळ्या घरात लपवायला लावू नका, नातेवाईक आले म्हणून डोस राहिला असं मी फार ऐकते. अहो, १९९९ साली कायद्यानेसुद्धा लग्नाच्या अटींमधून एपिलेप्सी काढून टाकली, आपण अजून डबा माळ्यावर ठेवतो.

डॉक्टरांकडे जाताना जुने ईईजी, एमआरआय, शेवटची फिट कधी आली ती तारीख आणि आत्ताच्या गोळीची पट्टी न्या. पट्टीवर क्रोनो (हळूहळू विरघळणारी) लिहिलंय की साधी आहे ते त्यांना दिसायला हवं, दोन्ही एकसारख्या नाहीत.