नदीचा अभ्यास करून पोट भरतं का?

शिरोळ तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भूगोल. २०१९च्या महापुरात घरात पाणी शिरलं, तेव्हापासून तिला नदीचं वेड लागलं. तिला पाणी आणि भूरूपं (डोंगर, दऱ्या, नदीपात्रं असे जमिनीचे आकार) यांवर संशोधन करून प्राध्यापक व्हायचंय. वडील विचारतात, ‘त्यापेक्षा बी.एड. करून शाळेत लागली तर बरं नाही का? आणि यात पोट भरतं का?’

नमस्कार दादा,

पोट भरतं, पण उशिरा. हे आधीच सांगतो, कारण या वाटेवरची बहुतेक भांडणं पैशाची नसतात, वाट पाहण्याची असतात.

मुलीला काय करायचंय ते आधी बघा. नदी पात्र का बदलते, पूर कुठवर चढतो, डोंगराचा कुठला उतार पावसात सुटतो, हे भूरूपशास्त्राचे प्रश्न. माळीण, तळिये, इर्शाळवाडीच्या दरडींनंतर ते किती जीवनमरणाचे आहेत हे तुम्हाला सांगायला नको. पुणे विद्यापीठातले प्राध्यापक विश्वास काळे यांनी नर्मदा आणि तापीच्या जुन्या पुरांवर काम केलं. महापुरात पाणी जिथे संथ होतं, म्हणजे खडकाच्या कपारीत, उपनदीच्या तोंडाशी, तिथे बारीक वाळू आणि गाळ साचतो. त्या थरांचं वय काढलं की सरकारी नोंदी सुरू होण्याच्या कितीतरी आधीचे पूर हाती लागतात. मोजमापाच्या नोंदी बऱ्याच ठिकाणी काही दशकांच्याच असतात, म्हणून धरण-पूल बांधताना अशा अभ्यासाला मोल आहे. हे काम भूगोलाच्या माणसानं केलंय, हे मुलीला जरूर सांगा.

आता वाट. एम.ए.ला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०), मग नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची देशपातळीवरची किंवा राज्यपातळीवरची पात्रता परीक्षा. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठच घेतं. नेटमध्ये वरचे गुण मिळवून जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर पीएच.डी. करताना पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात, त्यामुळे संशोधनाचा भार घरावर पडत नाही. तयारी जेआरएफचीच करावी, नुसतं पास होण्याची नको. पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं, नियमाने सहापर्यंत. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं.

अडचण मधल्या काळाची आहे. कायम जागांची भरती रखडत चालते आणि तोवर अनेक हुशार मुलंमुली तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनात वर्षं घालवतात. हे मला फार खटकतं, आणि ते तुमच्यापासून लपवणं योग्य नाही. म्हणून मुलीच्या हातात अध्यापनाखेरीज दुसरं कौशल्य हवं. भूगोलाचे विद्यार्थी इथेच कमी पडतात, ते गणिताला घाबरतात. तिने संख्याशास्त्र मनापासून शिकावं, क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचं सॉफ्टवेअर (ते मोफत आहे) हाताळावं, पुढे पायथन ही संगणकाची भाषा शिकावी. डेहराडूनच्या आयआयआरएस या सरकारी संस्थेचे दूरसंवेदनाचे (उपग्रहांच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास करण्याचे) ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत असतात. एवढं आलं की पाणलोट, पूररेषा, नकाशांची कामं करणाऱ्या संस्थांची दारंही उघडतात.

एक मात्र ध्यानात ठेवा. केंद्रीय भूजल मंडळाची भूजलशास्त्रज्ञाची जागा किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची भूवैज्ञानिकाची जागा यांना भूविज्ञान किंवा त्याच्या जवळची पदव्युत्तर पदवी लागते. भूगोलाच्या एम.ए.वर तिथे अर्ज चालत नाही. ‘पाण्याचा अभ्यास केलाय म्हणजे भूजल खात्यात लागेल’ असं कुणी सांगितलं तर जाहिरातीतली पात्रता स्वतः वाचा.

पीएच.डी.साठी विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक बघा. त्यांचे विद्यार्थी किती वर्षांत मोकळे झाले, ते स्वतः नदीवर जातात का, त्यांच्याकडे उपकरणं कुठली आहेत, हे आताच्या विद्यार्थ्यांना भेटून विचारावं. आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिला लांब जायची गरज नाही. पंचगंगा कृष्णेला मिळते ते नृसिंहवाडी तुमच्याच तालुक्यात आहे. २०१९ची पाणीपातळी गावोगाव भिंतींवर अजून कुठे कुठे दिसते का, लोकांना ती आठवते का, ते नोंदवून नकाशावर उतरवलं तरी उत्तम प्रकल्प होईल.

राहिलं बी.एड. ते आत्ता नको. एम.ए. होऊ द्या, नेट-सेटचे प्रयत्न मनापासून होऊ द्या. ती वाट त्यानंतरही खुली राहते, आणि एम.ए.सोबत बी.एड. असेल तर कनिष्ठ महाविद्यालयातही अर्ज करता येतो. प्रयत्न किती वर्षं करायचे हे मात्र दोघांनी आजच बसून ठरवा, आणि ते ठरवताना तिचं म्हणणं आधी ऐकून घ्या.