इजिप्तला पहिल्यांदा निघताना

‘प्रवासाचं विचारा’ या सदरासाठी या महिन्यात निवडलेली तिन्ही पत्रं वडोदऱ्याची आहेत आणि तिन्ही इजिप्तबद्दल. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही कैरोत मआदी भागात काही वर्षं राहिलो, तेव्हा ही उत्तरं लिहिताना तिथला बाजार आणि स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आहे.

ताई, डिसेंबरच्या शेवटी मी, हे आणि माझ्या नणंदबाई असे तिघं निघालोय. तिघंही साठीपुढचे आणि पक्के शाकाहारी. माझे गुडघे दुखतात. मुलाने कैरो, अस्वान, लक्झर असं सगळं बुक करून दिलंय. सगळे म्हणतात, तिकडे फार फसवतात आणि आपल्याला खायला काही मिळत नाही. थेपले-खाखरे किती न्यावेत?
— एक वाचक, दांडिया बाजार

थेपले न्या, पण विमानापुरते आणि अबू सिंबेलच्या देवळाला निघायच्या पहाटेपुरते. अस्वानहून ते देऊळ सुमारे २८० किलोमीटर आहे. गाड्या चारच्या सुमारास निघतात आणि हॉटेल जो डबा देतं त्यात बहुधा पाव, चीज आणि उकडलेलं अंडं असतं. बाकीचं जेवण मात्र तिथलंच जेवा, मनापासून सांगते. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचं सार आणि कुरकुरीत तळलेला कांदा. लसूण-व्हिनेगरचं पाणी आणि लाल तिखट वेगळं मिळतं, ते आपल्या अंदाजाने घाला. सकाळी ‘फूल’ नावाचा पदार्थ खा. हे बाकल्याचे दाणे मऊ शिजवून, तेल, लिंबू, जिरं घालून देतात. सोबत तामिया, म्हणजे त्याच दाण्यांचे हिरवेगार वडे, आणि कोंड्यासकट गव्हाची गरम फुगलेली एश बलदी. पोट भरतं आणि खिसा हलका होत नाही.

जपायचं ते दिसायला शाकाहारी असलेल्या पदार्थांना. मुलुखिया ही पालेभाजी बहुधा कोंबडीच्या किंवा सशाच्या रश्श्यात शिजवतात. मसुराच्या सूपमध्येही तो रस्सा असू शकतो. द्राक्षाच्या पानांत भात भरून केलेल्या महशीत खिमा असू शकतो. नुसतं ‘लहमा’, म्हणजे मांस, नको म्हटलंत तर कोंबडी राहून जाते, कारण तिथे ती त्यात मोजत नाहीत. म्हणून ‘मिन घेर लहमा, मिन घेर फिराख’, म्हणजे मांसाशिवाय, कोंबडीशिवाय, असं दोन्ही म्हणा आणि रश्श्याचं वेगळं विचारा. आणखी एक शब्द फार उपयोगी पडेल, ‘सियामी’. तिथले कॉप्टिक ख्रिस्ती वर्षातले दोनशेहून जास्त दिवस उपास करतात, त्यात मांस, अंडी, दूध काही चालत नाही. हे जेवण त्या नावाने मागितलं की हॉटेलवाल्याला लगेच कळतं. काही उपासांत मासे चालतात, तेवढं ‘समक’ नको म्हणून सांगा. पाणी बाटलीतलंच प्या.

आता फसवणुकीचं. माझा अनुभव असा की तिथली बहुतेक कटकट आधी न ठरवलेल्या पैशांतून सुरू होते. भाव आधी बोलून घेतला आणि सुटे जवळ असले की तीच माणसं इतकी आपुलकीने वागतात की निघताना जड जातं. गिझाला पिरॅमिडपाशी उंटावर बसायचंच असेल तर रक्कम एका माणसाची की तिघांची, किती वेळाची, आणि त्यात उतरवणंही आलं का, हे चढण्याआधी विचारा. पैसे खाली उतरल्यावरच द्या. अस्वानजवळच्या फिलेच्या देवळाला जायच्या होडीचंही तसंच, जाऊन परत आणण्याचा भाव एकत्र ठरवा.

पहिल्याच दिवशी मोठी नोट मोडून पाच, दहा, वीस पौंडांच्या नोटांची वेगळी पाकिटं करा, एक यजमानांकडे आणि एक तुमच्याकडे. बॅगा उचलणारा, स्वच्छतागृहातली बाई, देवळातला रखवालदार, सगळ्यांना बक्षीस द्यायची तिथे रीत आहे. त्यांचे पगार बेताचे असतात, तेव्हा रीतसर काम केलेल्याला देताना हात आखडू नका. मात्र न मागता फोटोची जागा दाखवून हात पुढे करणाऱ्याला हसून ‘ला, शुक्रन’, म्हणजे ‘नको, धन्यवाद’, म्हणा आणि चालत राहा. सुटे परत घेताना नोट नीट पाहा, पन्नास पौंडांऐवजी पन्नास पियास्टरची नोट हातात टेकवण्याची लबाडी जुनी आहे. पौंडाचे शंभर पियास्टर होतात, म्हणजे फरक केवढा ते बघा. नोटेच्या एका बाजूला इंग्रजी आकडे असतात.

दुकानातल्या पाटीवर मात्र अरबी आकडे, ते निघण्याआधी शिकून घ्या. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल, शून्य म्हणजे नुसता ठिपका, सहा इंग्रजी सातासारखा. सात आणि आठ म्हणजे इंग्रजी व्ही, एक सुलटा आणि एक उलटा. एका संध्याकाळी तिघं बसलात तर येऊन जाईल आणि भाजीवाल्यापासून टॅक्सीपर्यंत कोणावर अवलंबून राहावं लागणार नाही. बऱ्याच मोठ्या स्थळांवर तिकिटाला रोख घेत नाहीत, फक्त कार्ड. परदेशात चालणारी दोन कार्डं न्या.

गुडघ्यांसाठी माझा स्पष्ट सल्ला: खुफूच्या पिरॅमिडच्या आत जाऊ नका. अर्धी वाट वाकून चढायची, कोंदट हवा आणि शेवटी एक रिकामी दगडी पेटी. बाहेरून तो मन भरून बघा. लक्झरच्या राजांच्या दरीत साध्या तिकिटावर तीन थडगी पाहता येतात. त्यात चौथ्या रामसेसचं घ्या, उतार सौम्य आहे आणि छतावरची रंगीत आकाशदेवी अजून टवटवीत आहे. तिसऱ्या थुटमोसच्या वाटेला जाऊ नका, तिथे आधी उभा जिना चढायचा आणि मग उतरायचं. तुतनखामेनच्या थडग्याला वेगळं तिकीट लागतं.

नणंदबाईंना ममी बघायची असेल तर आधी आपल्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये घेऊन जा, सयाजीरावांच्या संग्रहातली इजिप्तची ममी तिथे आहे. कैरोत आता संग्रहालयं तीन झाली आहेत आणि लोकांचा तिथे गोंधळ होतो. राजघराण्यातल्या २२ ममी एप्रिल २०२१ मध्ये मोठ्या मिरवणुकीने कैरोच्याच फुस्तात भागातल्या संग्रहालयात नेल्या, त्या दालनात फोटो काढू देत नाहीत. तुतनखामेनचा खजिना पिरॅमिडजवळच्या नव्या भव्य संग्रहालयात आहे, ते १ नोव्हेंबर २०२५ ला रीतसर उघडलं. तहरीर चौकातलं जुनं १९०२ चं. वेळ कमी असेल तर पहिली दोन करा.

स्वेटर विसरू नका, डिसेंबरात नाईलवर संध्याकाळी वारा बोचतो.

मी आणि माझी मैत्रीण, दोघी चोवीस वर्षांच्या, एकट्याच कैरोला जातोय. कपडे काय घालावेत? रस्त्यावर त्रास होतो का?
— एक वाचक, मांजलपूर

होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा बोलणं आणि मागे मागे येणं. सैल सुती कुर्ते, पूर्ण पँट आणि ओढणी घ्या, मशिदीत डोकं झाकायला ती लागेलच. मेट्रो जरूर वापरा. आफ्रिकेतली ती पहिली, १९८७ ची, आणि प्रत्येक गाडीत मधले दोन डबे बायकांसाठी राखीव असतात. त्या डब्यातल्या बायका तुम्हाला उतरायचं स्टेशन स्वतः सांगतील. रात्री रस्त्यावर हात करून टॅक्सी थांबवू नका, ॲपवरून गाडी बोलवा. कोणी पाठ सोडत नसेल तर जवळच्या दुकानात शिरा आणि तिथल्या वयस्कर माणसाला सांगा, तो नक्की उठून उभा राहील. पर्यटक पोलिसांचा नंबर १२६. ड्रोन नेऊ नका, तिथे परवानगीशिवाय बंदी आहे.

आफ्रिकेत जायचं म्हणजे पिवळ्या तापाची लस घ्यावीच लागते, असं एजंट म्हणतो. खरं का?
— एक वाचक, वाडी

फक्त इजिप्तला थेट जाऊन परत येणार असाल तर नाही. इजिप्त त्या तापाच्या देशांत मोडत नाही. याच प्रवासात केनिया किंवा इथिओपियातही फिरणार असाल तर लस घ्या, ती किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते आणि परत येताना विमानतळावर दाखला मागतात. व्हिसाचं मात्र एजंटच्या जुन्या कागदावर सोडू नका. नियम बदलतात, मुंबईतल्या इजिप्तच्या वाणिज्य दूतावासात स्वतः विचारा आणि तिकीट त्यानंतर काढा.