धावत्या घोड्याचे छायाचित्र

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेत धावत्या घोड्यांची छायाचित्रे काढली, पण पाय आणि आयाळ अस्पष्ट आले. कॅमेऱ्याची मांडणी कशी ठेवावी?
— एक वाचक, शहादा

उत्तर : बहुधा आपला शटरवेग कमी पडला असावा. भरधाव घोड्यासाठी तो किमान १/१००० सेकंद, शक्यतो १/१६०० ठेवावा. भिंगाचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/४ ते एफ/५.६ असावे आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, स्वयंचलित ठेवावा, कारण दत्तजयंतीच्या सुमारास, डिसेंबरात, तापीकाठचा उजेड दुपारनंतर झपाट्याने उतरतो आणि दर वेळी आकडे बदलत बसल्यास नेमका क्षण निसटतो. फोकस ‘सतत’ प्रकारावर ठेवून बिंदू घोड्याच्या डोळ्यावर धरावा.

पांढऱ्या नुकऱ्या घोड्याकडे विशेष लक्ष द्यावे. कॅमेऱ्याचे प्रकाशमापन सर्व काही मध्यम करड्या छटेकडे ओढते, त्यामुळे चौकट भरून टाकणारा शुभ्र घोडा मळकट दिसतो. तेथे एक्स्पोजर, म्हणजे चित्राला मिळणारा प्रकाश, अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) वाढवावा, काळ्या घोड्यासाठी तेवढाच घटवावा.

छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये काढलेल्या छायाचित्रमालिकेतून दिसले की दौडीत एका क्षणी घोड्याचे चारही पाय अधांतरी असतात, तेही पोटाखाली जुळलेले असताना. हा क्षण डोळ्यांना टिपता येत नाही, म्हणून एकामागून एक छायाचित्रे टिपणारे सलग चित्रण (बर्स्ट) वापरावे. वेगाचा भास हवा असेल, तर १/६० सेकंद ठेवून कॅमेरा घोड्यासोबत फिरवावा. फ्लॅश मात्र कटाक्षाने टाळावा. घोडा बुजला तर स्वार आणि गर्दी दोघांनाही धोका असतो.