एकच बॅटरी बदलू नका (आणि हिरव्या दिव्यावर फार विश्वास ठेवू नका)

तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. वडिलांची चार चाकी मोबिलिटी स्कूटर, दोन वर्षं जुनी, १२ व्होल्ट ३५ एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते) दोन सीलबंद बॅटऱ्या. आधी साताऱ्यात राजवाड्यावरून समर्थ मंदिराचा चढ चढून परत आलं तरी काटा अर्ध्याच्या वर असायचा, आता जातानाच लाल होतो. चार्जर लावला की दीड तासात हिरवा दिवा. आणि दुकानदार म्हणतोय, "एकच डाऊन आहे, तेवढी बदलून देतो, दुसरी चांगली आहे, कशाला उगाच खर्च करताय?"

बाकीचं सगळं नंतर. आधी ते एक वाक्य डोक्यातून काढा. आमच्याकडे मिरजेत हाच सल्ला ऐकला गेला होता, अगदी याच शब्दांत, आणि नवीकोरी बॅटरी सहा महिन्यांच्या आत जुनीच्या बरोबरीला येऊन बसली.

असं का होतं ते नीट सांगतो, कारण दुकानात कोणी सांगत नाही. तुमच्या स्कूटरमध्ये दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला जोडून दुसरी अशा आहेत, मिळून २४ व्होल्ट. चार्जरला दोन बॅटऱ्या दिसतच नाहीत, त्याला दिसतो फक्त एकूण आकडा. तो २८.८ व्होल्टपर्यंत चढवतो, हिशोब असा की दोघींना १४.४ - १४.४ मिळतील. पण जुन्या बॅटरीची ताकद निम्मी उरलेली असते. ती लवकर भरते आणि भरली की तिचा व्होल्टेज उसळी मारतो, १५.३ वगैरे होतो. मग नव्या बॅटरीच्या वाट्याला उरतात १३.५. एकूण २८.८ झालेच, म्हणून चार्जर करंट कमी करतो आणि हिरवा दिवा लावतो. नवी बॅटरी अर्धपोटी. रोज थोडं थोडं भरायचं राहतं, तेवढ्या भागात प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ते नंतर सुटत नाही. तिकडे जुनी १५ च्या वर शिजत असते, आतलं पाणी व्हॉल्व्हमधून उडतं, कोरडी पडते.

गाडी चालवताना उलटा खेळ. चढाला मोटर ३०-३५ अँपिअरसुद्धा ओढते. जुनी ९ व्होल्टवर येते, नवी अजून १२ च्या वर. बेरीज २१ च्या पुढे, म्हणून कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा भाग) गाडी बंद करत नाही. त्याच्या लेखी सगळं ठीक. आणि त्या ९ व्होल्टमध्ये जुनीचा एखादा सेल (बॅटरीच्या आतला एक कप्पा) उलटा चार्ज होत असतो. तो सेल गेला की गेला. मग पुन्हा "एकच डाऊन आहे", आणि आता त्या "चांगल्या" बॅटरीशेजारी तिसरी येते. हे चक्र संपत नाही.

आता काउंटरबद्दल. वॉरंटीसाठी बॅटरी नेली की माणूस मल्टिमीटर लावतो, १२.६ दिसतात, "ओके आहे, गाडीचा प्रॉब्लेम" म्हणतो आणि कार्ड परत देतो. लोड न लावता, म्हणजे बॅटरीवर काही न चालवता घेतलेला व्होल्टेज म्हणजे माणूस झोपलेला असताना तो पळू शकतो का हे ठरवण्यासारखं आहे. मेलेली बॅटरीसुद्धा रात्रभर नुसती ठेवली की १२.५ दाखवते. तिथे वाद घालून काही होत नाही, लोड टेस्टरने तपासून लेखी द्या म्हणा. नाहीच दिलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पण हे सगळं करायच्या आधी तुमच्या हातात आकडे पाहिजेत. ते घरीच मिळतात.

सगळ्यात सोपी तपासणी पाच मिनिटांची. चार्जिंग संपत आलं असताना, म्हणजे दिवा हिरवा व्हायच्या जरा आधी, सीट काढून प्रत्येक बॅटरीच्या दोन टोकांवर वेगवेगळा मीटर लावा. दोन्ही आकड्यांत ०.२ - ०.३ चा फरक चालतो. एकीवर १५ आणि दुसरीवर १३.६ दिसले तर वर सांगितलेला खेळ तुमच्याकडे चालूच आहे.

दुसरी तपासणी खरी, पण दिवस खाते. रात्रभर पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा, तीन-चार तास तसंच राहू द्या. दोन्ही बॅटऱ्या गाडीपासून आणि एकमेकींपासून सोडवा. आता गाडीच्या हेडलाइटचा ६०/५५ वॅटचा एच-४ बल्ब घ्या (कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, दोन घ्या) आणि प्रत्येक बॅटरीवर त्याची ६० वॅटची एकच फिलामेंट जोडा. साधारण ५ अँपिअर ओढतो. बल्ब फरशीवर ठेवा, चटईवर किंवा लाकडावर नको, हात भाजेल इतका तापतो. व्होल्टेज १०.५ ला आला की बंद, एक मिनिटही जास्त नाही. ११.५ च्या खाली गेल्यावर दर पाच मिनिटांनी बघत राहा, कारण शेवटी तो दरडीसारखा कोसळतो. बॅटरीवर लिहिलेले ३५ एएच हे २० तासांत हळूहळू उतरवलं तरचे आहेत, म्हणजे १.७५ अँपिअरने. ५ अँपिअरला चांगली बॅटरी साडेपाच तासांच्या आसपास जाते. साडेतीन तासांच्या खाली आली तर चढाच्या गावात तिचा उपयोग संपला. एक बॅटरी दीड तासात आणि दुसरी चार तासांत उतरली, तरी बदलायच्या दोन्ही. आणि दोन्हींची टेस्ट एकाच दिवशी करा. एक उतरवून आणि दुसरी भरलेली ठेवून सिरीजमध्ये चार्जिंग लावलंत तर आपणच तीच चूक केली.

दीड तासात हिरवा दिवा लागणं हे बॅटरी "पटकन भरते" म्हणून चांगलं लक्षण नाही. भांडं लहान झालंय म्हणून लवकर भरतंय. ५ अँपिअरच्या चार्जरने अर्धी उतरलेली ३५ एएचची जोडी भरायला पाच-सहा तास लागायलाच हवेत. उलट बारा-चौदा तास झाले तरी हिरवा होत नाही आणि बॅटरी हाताला गरम लागते, पोट फुगलंय, तर लगेच बोर्डाचं बटण बंद करा आणि परत लावू नका. त्यात बहुधा सेल शॉर्ट असतो.

चार्जिंगच्या सवयींबद्दल थोडक्यात, बाकी मॅन्युअलमध्ये आहे. जितक्या वेळा गाडी चालवाल तितक्या वेळा, त्याच रात्री चार्ज. "पूर्ण उतरू द्या, मग लावा" हा सल्ला जुन्या निकेल बॅटरीच्या मोबाइलचा आहे, लेड-ॲसिडला तो विष आहे. चावी बंद, आधी पिन गाडीला, मग भिंतीचं बटण. काढताना उलट क्रम. हिरवा झाल्यावरही दोन-तीन तास राहू द्या, शेवटचे दहा-पंधरा टक्के तिथेच भरतात. रात्री साडेनऊला लावून सकाळी काढणं हे सगळ्यात सोपं. घरात कोणीतरी "लाइट बिल येतं" म्हणून बाराला बटण बंद करत असेल तर त्यांना सांगा, पूर्ण उतरलेली जोडी भरायला एक-सव्वा युनिट लागतं. बॅटरीच्या किमतीपुढे ते काहीच नाही.

लाइट गेली तर काही बिघडत नाही, आली की बहुतेक चार्जर आपोआप चालू होतात. पण लाइट नसताना किंवा बटण बंद ठेवून पिन गाडीतच दिवसेंदिवस लावून ठेवू नका, काही चार्जर उलट बॅटरीतूनच थोडं थोडं ओढतात. आणि घरच्या साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हा चार्जर चालवू नका, गुणगुणतो, तापतो आणि जातो.

उन्हाचं वेगळं. आमच्याकडे सांगलीत एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली गाडी ठेवून दुपारी चार्जिंग लावणं म्हणजे बॅटरी भट्टीत घालणं. तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की लेड-ॲसिडचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. शिवाय गरम बॅटरीला व्होल्टेज कमी द्यायला हवा आणि आपले साधे चार्जर ते करत नाहीत. फेरी मारून आल्यावर अर्धा तास थंड होऊ द्या, रात्रीच लावा, ओसरीत किंवा जिन्याखाली, चार्जर फरशीवर, त्यावर कापड नको. साताऱ्यात ऊन कमी छळतं, पण तुमच्याकडे पावसाळ्यात वडील महिना-महिना बाहेर पडत नसतील. तेव्हा गाडी पडून असली तरी पंधरा दिवसांतून एकदा रात्रभर चार्ज करा. बंद गाडीतही घड्याळ, कंट्रोलर असं काहीतरी ओढत असतंच.

घेताना: दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच बॅचच्या. अंगावरचा तारखेचा कोड बघा, सहा महिन्यांपेक्षा जुनी नको. काउंटरवरच मीटर लावायला लावा, १२.५ च्या खाली असेल तर परत द्या, ती गोदामात उपाशी पडलेली असते. आपल्याकडे "ड्राय बॅटरी" म्हणून बहुतेक वेळा यूपीएसची एसएमएफ (पाणी घालावं न लागणारी सीलबंद बॅटरी) हातात देतात. बसते तीच, चालतेही, पण ती कधीतरीच उतरण्यासाठी बनवलेली असते, रोज उतरली की वर्षभरात थकते. बाजूला छापलेलं वाचा: "सायकल यूज" आणि "स्टँडबाय यूज" असे दोन वेगळे व्होल्टेज लिहिलेले असतात. फक्त स्टँडबायचाच आकडा असेल तर घेऊ नका. सायकल यूजचा आकडा जेल बॅटरीला (आतलं ॲसिड घट्ट जेलीसारखं) साधारण १४.१ ते १४.४ च्या मध्ये असतो, एजीएमला (ॲसिड काचेच्या तंतूंच्या थरात शोषलेलं) १४.४ ते १४.७. हा आकडा दुप्पट करा आणि चार्जरच्या लेबलवरच्या व्होल्टेजशी जुळतो का बघा. आणि दोन्ही जुन्या बॅटऱ्या भंगारात वजनावर जातात, त्या दुकानात फुकट सोडून येऊ नका.

एक अजून, कारण बाजारात हे सर्रास होतं: ट्रक-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या जिथे रांगेत चार्जिंगला लावतात, तिथे आपली सीलबंद बॅटरी "जरा फुल करून द्या" म्हणून देऊ नका. तिथे करंट ठरलेला असतो, व्होल्टेजवर कोणाचं लक्ष नसतं. एका रात्रीत कोरडी होते. तसंच, सीलबंद बॅटरीची झाकणं उचकटून डिस्टिल्ड वॉटर घालणारे हौशी लोक आहेत. त्यांना चहा द्या, पाना देऊ नका.

पाना म्हणताना आठवलं. बॅटरी बदलायच्या आधी मोबाइलवर सगळ्या वायरींचा फोटो काढा. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. बहुतेक ठिकाणी १० नंबरचा पाना लागतो, त्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, नाहीतर घसरून दोन टोकांना टेकला तर ठिणगीऐवजी वितळलेलं लोखंड दिसेल. लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) काळवंडली असेल तर घासून स्वच्छ करा, घट्ट आवळा, वरून पातळ व्हॅसलीन. कधीकधी सैल नटमुळेच चढाला गाडी मरते आणि बॅटरी बदनाम होते, म्हणून हे बल्बच्या टेस्टच्या आधी बघा. टायरमधली हवा पण बघा, कमी हवेची गाडी चढाला बॅटरी पिते.

पुराच्या गावात राहणाऱ्या कोणी हे वाचत असेल तर: ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, खालच्या मजल्यावरची गाडी अशा वेळी सर्वात आधी वर न्या. पाण्यात गेलेल्या गाडीला चार्जर लावू नका, बॅटरी सीलबंद असली तरी सॉकेट आणि कंट्रोलर नसतो.

हे सगळं लेड-ॲसिडचं. तुमच्या गाडीत लिथियम पॅक असेल तर यातलं बरंचसं लागू नाही आणि चार्जर अजिबात अदलाबदल करू नका, पिन सारखी असली तरी. मी इलेक्ट्रिशियन नाही, मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर तेच धरा. वॉरंटीत असेल तर सीट उघडायच्या आधी कार्डावरचं बारीक अक्षर वाचा.

पाच मिनिटांची तपासणी आज रात्रीच होईल. दोन्ही बॅटऱ्यांचे वेगवेगळे आकडे, आणि ते घेताना चार्जरचा दिवा कुठल्या रंगाचा होता, तेवढं इथे लिहा. मग बल्बची टेस्ट करायची गरज आहे का ते बघू. तोपर्यंत त्या दुकानदाराला हो म्हणू नका.